ब्रुकलँड्सचा डबा

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दिवशी आमच्या आळीतल्या नानांनी आपल्या मोटारीला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबे ठेवली आणि चावी फिरवली, तेव्हा समोरच्या वाड्याच्या कौलांवरची सगळी कबुतरे एकदम उडाली. माई तुळशीला पाणी घालीत होत्या, त्यांच्या हातचा तांब्या खाली पडला. त्यांच्या नातसुनेचे दोन महिन्यांचे पोर जे रडायला लागले ते दुपारचे सोने वाटून झाले तरी थांबेना.

नानांची मोटार म्हणजे जुनी, पाठीने गोल अशी फियाट. आपल्याकडे तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणतात, आणि हे नाव ठेवणाऱ्याने प्रेमानेच ठेवले असावे. नानांच्या वडिलांनी ती घेतली, नानांनी ती जपली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावे हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. सकाळी फडके, दुपारी ग्रीस, संध्याकाळी चक्कर. त्यात कोणा हौशी माणसाने त्यांच्या डोक्यात भरवून दिले की, जुन्या गाडीचे धुराडे फार बारीक असते, तिचा श्वास कोंडतो. जाड नळी आणि मोकळा सायलेन्सर बसवला तर गाडी घाट हसत चढेल आणि आवाजही भरदार येईल. नानांना घाटाचे आकर्षण किती आणि आवाजाचे किती, हे मला ठाऊक आहे. पण ते असो.

ज्या गॅरेजात हे काम झाले तिथल्या पोरसवदा कारागिराने मूळची नळी काढून जवळजवळ सव्वापट जाडीची नळी आणली. नळी सरळ असेपर्यंत सगळे ठीक. अडचण मागच्या आसापाशी आली. तिथे वर आस, बाजूला चाक आणि मागे पेट्रोलची टाकी. बारीक नळी या तिघांच्या मधून बोळातल्या मांजरासारखी निघून जात असे. जाड नळीला तसे वळता येईना. नळी जितकी जाड तितके तिचे वळण मोठे हवे, नाही तर ती वाकताना चिमटते. मग कारागिराने जागा मिळाली तिथून, टाकीच्या पोटाला जवळजवळ खेटून ती बाहेर काढली आणि नानांनी त्याला पेढा दिला.

चार दिवसांनी नाना सहकुटुंब पाचगणीला निघाले. पसरणीचा घाट अर्धा चढून होतो न होतो तोच गाडीत पेट्रोलचा वास कोंदला. काकू म्हणाल्या, “थांबा.” नाना म्हणाले, “वर गेल्यावर थांबू.” काकूंनी दार उघडायला घेतले तेव्हा नाना थांबले. डिकी उघडून त्यांनी टाकीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. टाकीचे झाकण सैल करताच आतून वाफेचा असा सुस्कारा निघाला, की नानांच्या कपाळावर त्या थंड हवेतही घाम आला. दोघेही रस्त्याच्या कडेला कठड्यावर तासभर बसून होते. पाचगणी राहिली. उतारावर गाडी जवळजवळ बंद ठेवून ते वाईला परतले.

त्याच संध्याकाळी माईंचा निरोप आला. माई नानांच्या सख्ख्या बहीण नव्हेत, पण चाळीस वर्षे त्यांनी नानांना भाऊबीजेला ओवाळले आहे. निरोप एवढाच होता: “यंदा भाऊबीजेला पायी येणार असलास तर ये.”

नाना माझ्याकडे आले ते हा निरोप घेऊन. मी शाळामास्तर; मोटारीतले मला कळते ते वाचून. पण वाचलेले होते त्यात या दोन्ही दुखण्यांचा, म्हणजे टाकीच्या शेजाराचा आणि शेजाऱ्यांच्या कानांचा, एक जुना आणि मोठा गमतीचा इतिहास होता. तो मी नानांना त्या रात्री सांगितला. वाचकांनाही आज फराळाबरोबर तोच सांगतो.

मोटारीत दोन वस्तू अशा आहेत की त्यांच्यावाचून तिचे चालत नाही आणि त्यांचे एकमेकींशी पटत नाही. एक तिचे अन्न, दुसरा तिचा उच्छ्वास. पेट्रोलची चाळीसएक अंश सेल्सियसच्या आतच वाफ होऊ लागते, आणि ती वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे वर उडून न जाता खालीच रेंगाळते. उलट इंजिनातून बाहेर पडणारा धूर, गाडी चढणीवर जोर करीत असली तर, तोंडाशी सहाशे-सातशे अंशांच्या घरात असतो. जसजसा नळीतून मागे जातो तसतसा निवतो, पण निवूनही हाताला भाजेल इतका गरम राहतोच. या दोघांना एकाच गाडीखाली कुठे ठेवावे, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे.

अगदी आरंभी तो प्रश्न नव्हता, कारण टाकी म्हणण्यासारखे काही नव्हतेच. कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत जेमतेम काही लिटर इंधन मावे. १८८८ च्या ऑगस्टात त्याची बायको बेर्टा नवऱ्याला न विचारता, दोन मुलांना घेऊन त्या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली, सुमारे १०६ किलोमीटर. वाटेत इंधन संपले, तेव्हा विसलोख गावच्या औषधाच्या दुकानात तिने डाग काढायचे लिग्रोइन विकत घेऊन गाडीत ओतले. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणजे औषधाचे दुकान, आणि पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे माहेरी निघालेली बाई! ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुली पुढे सरसावून बसतात.

पुढे गाड्या लांब पल्ल्याच्या झाल्या तशी टाकी आली. हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीच्या वर खपली. तिच्यातल्या बहुतेकींची टाकी पुढच्या बैठकीखाली असे. पेट्रोल भरायचे तर बसलेल्यांनी उठायचे, गादी काढायची. पंप नव्हता, पेट्रोल उतारावरून ओघळत इंजिनाकडे जाई. त्यामुळे टाकी अर्धी असताना तीव्र चढ आला की इंजिन उपाशी पडे. मग लोक गाडी वळवून उलटी, पाठमोरी चढवीत. त्यानंतरच्या ‘मॉडेल ए’त टाकी काचेच्या पुढे, प्रवाशांच्या गुडघ्यांसमोर आली. इंग्लंडातल्या लहानग्या ‘ऑस्टिन सेव्हन’चीही आरंभीची टाकी पुढेच, इंजिनाच्या झाकणाखाली होती. पेट्रोल वरून खाली वाहते या एका नियमावर ही सगळी रचना उभी होती. पेट्रोल ओढून आणणारी साधने आली तेव्हा टाकीला माणसांपासून आणि इंजिनापासून दूर, मागे पाठवता आले. सर्वांना हायसे वाटले.

पण धूरही मागेच जात होता! तो बैठकीत शिरू नये म्हणून त्याला शेपटीपर्यंत नेणे भागच होते. अशा रीतीने पुढच्या घरातून विभक्त केलेल्या दोघी मागच्या परसात पुन्हा समोरासमोर आल्या, आणि मध्ये कमानींवर खालीवर नाचणारा आस. तेव्हापासून मोटार आखणाऱ्याचे अर्धे कसब या हातभर जागेत पणाला लागलेले आहे. ही जागा चुकली म्हणजे काय होते ते अमेरिकेने फोर्डच्याच ‘पिंटो’ गाडीत पाहिले. तिथे धुराड्याचा दोष नव्हता. टाकी मागच्या आसाच्या मागे होती आणि पाठीमागून धडक बसली की ती आसावर दाबली जाऊन फुटे. माणसे जळाली, खटले झाले, आणि १९७८ साली कंपनीने सुमारे १५ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

आता आवाजाकडे वळतो. इंजिनाच्या नळकांड्यात प्रत्येक ठिणगीला एक लहानसा स्फोट होतो आणि त्याचा दाबलेला धूर झडप उघडताच बाहेर उसळतो. तो तसाच मोकळा सोडला तर प्रत्येक वेळी बार उडाल्यासारखा आवाज येणार. अमेरिकेत इंडियाना प्रांतातल्या कोलंबस गावच्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी १८९७ साली यावर उपाय म्हणून एका डब्याचे पेटंट घेतले. नळी मध्येच मोठ्या डब्यात सोडायची. धूर डब्यात पसरतो, त्याचा जोर ओसरतो, आणि मग तो दुसऱ्या तोंडाने शहाण्यासारखा बाहेर पडतो. म्हटले तर एवढेच. पण हौशी मोटारवाल्यांना हा डबा आवडला नाही. डब्याआधीच नळीला एक झडप ठेवायची आणि गावाबाहेर पडले की पायाने ती उघडून धूर बाहेरच्या बाहेर सोडायचा, अशी पळवाट त्यांनी काढली. नानांच्या जातीची माणसे तेव्हाही होती.

आणि त्यांचे पंढरपूर म्हणजे ब्रुकलँड्स.

लंडनच्या नैऋत्येला सरे परगण्यात वेब्रिज नावाचे गाव आहे. तिथे ह्यू लॉक किंग या जमीनदाराची मोठी जमीन होती. त्या काळी इंग्लंडात सडकेवर मोटारीला ताशी वीस मैलांपेक्षा जास्त वेगाने जायची कायद्याने बंदी होती. १९०३ चाच तो कायदा. मग इंग्रजी कारखानदारांनी आपल्या गाड्या पळवून पाहाव्यात कुठे? १९०५ साली लॉक किंग इटलीत ब्रेशियाची शर्यत पाहायला गेला तर तिथे एकही इंग्रजी गाडी धावताना दिसेना. हे त्याच्या मनाला लागले. घरी येऊन त्याने ठरवले की, स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या खर्चाने, केवळ मोटारींसाठी एक धावपट्टी बांधायची. जगात तोपर्यंत तशी एकही नव्हती.

आरंभी त्याच्या मनात साधा रस्ता होता. अभियंता कर्नल होल्डन म्हणाला, वेगाने वळायचे तर रस्ता बाहेरच्या अंगाने उचलला पाहिजे, बशीच्या कडेसारखा. ती कड उचलता उचलता तीस फुटांच्या आसपास गेली. लांबी पावणेतीन मैल, रुंदी शंभर फूट, सगळे काँक्रीट. वाटेत नदी, तिच्यावर पूल. दीड-दोन हजार मजूर लागले आणि नऊएक महिन्यांत काम उभे राहिले. खर्च झाला दीड लाख पौंड. लॉक किंग या ओझ्याने आजारी पडला. काम अर्ध्यावर थांबायचे, तर त्याची बायको एथेल पुढे झाली. तिने हिशेब हातात घेतला, आपल्या माहेरच्यांचे साहाय्य आणले आणि बांधकाम तडीस नेले. १७ जून १९०७ ला धावपट्टी खुली झाली, त्या दिवशी पहिली गाडी तिनेच चालवली. नवरा शेजारी बसला होता.

मोटारींच्या शर्यती कशा घ्याव्यात हे कोणालाच माहीत नव्हते, म्हणून घोड्यांच्या शर्यतींचेच सगळे नियम उचलले. मोटारींना आकडे नाहीत. चालकांनी जॉकीसारखे रंगीबेरंगी रेशमी अंगरखे घालायचे! लांबून कोण कोणता हे ओळखता येईना, तेव्हा गाड्यांवर आकडे आले. पुढच्या वर्षी बायकांची शर्यत झाली, ती म्यूरिएल टॉम्सन हिने जिंकली. बाकी या जागेचा तोरा होता. इथे योग्य माणसे येतात आणि गर्दी होत नाही, अशी तिची जाहिरातच असे.

पण गाव तर शेजारीच होते. धावपट्टी खुली होऊन पंधरवडा झाला नाही तोच एस. एफ. एज नावाच्या गृहस्थाने नेपियर गाडीतून चोवीस तास एकट्याने, न थांबता म्हणावे अशा रीतीने धावायचा पण केला. २८ जूनच्या संध्याकाळी तो निघाला. आणखी दोन नेपियर सोबतीला. रात्रीसाठी काठाने शेकडो तांबडे कंदील मांडलेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो उतरला तेव्हा सुमारे १५८१ मैल झाले होते, ताशी सरासरी जवळजवळ सहासष्ट मैल. सगळ्या मोटारविश्वात त्याचा जयजयकार झाला. वेब्रिजमध्ये मात्र त्या रात्री कोणाचाही डोळा लागला नव्हता. तक्रारी गेल्या, आणि ब्रुकलँड्सवर रात्री मोटार पळवायची नाही असे ठरून गेले. पहिल्याच महिन्यात! जयजयकाराचे वृत्तान्त पुष्कळांनी लिहिले आहेत. झोप उडालेल्यांचा एकही माझ्या वाचनात नाही. मला स्वतःला त्या रात्री वेब्रिजमध्ये तान्हे मूल घेऊन बसलेल्या एखाद्या आईचे म्हणणे ऐकायला आवडले असते.

दिवसा मात्र गाड्या धावतच राहिल्या. १५ फेब्रुवारी १९१३ ला पर्सी लॅम्बर्टने टॅल्बट गाडीतून एका तासात शंभर मैलांची वेस ओलांडली. १०३ मैलांहून अधिक अंतर त्याने कापले. जगात ते आधी कोणी केले नव्हते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच धावपट्टीवर टायर फुटून तो गेला.

मग महायुद्ध आले आणि लष्करी गाड्यांनी काँक्रीट उखणून टाकले. १९२० साली पट्टी पुन्हा सुरू झाली तेव्हा दुखणे वाढून परतले होते. युद्ध संपल्यामुळे विमानांची प्रचंड इंजिने स्वस्तात मिळत होती. ती कोणत्याही सांगाड्यावर बसवून धाडसी श्रीमंत पोरे ती पळवू लागली. काउंट झ्बोरोव्स्कीची ‘चिटी बँग बँग’ त्यांतलीच. तिचे इंजिन मूळचे मायबाख विमानाचे, तेवीस लिटरचे. आपल्या नानांच्या फियाटसारखी वीस इंजिने त्यात मावली असती. दरम्यान शेजारच्या सेंट जॉर्जेस हिलवर टुमदार बंगले उठले होते, आणि त्यांत राहणारी माणसे गरीब बिचारी नव्हती. १९२४ साली ती कोर्टात गेली. त्या तंट्यातून निष्पन्न झाले ते असे की, शर्यतींच्या दिवसांवर आणि वेळांवर बंधने आली, आणि १९२५ पासून ब्रुकलँड्सवर धावणाऱ्या प्रत्येक गाडीला ठराविक प्रकारचा मोठा सायलेन्सर सक्तीचा झाला.

हाच तो ‘ब्रुकलँड्सचा डबा’. मोटारसायकलींनाही तो चुकला नाही.

मी नानांना त्याचे चित्र दाखवले. लांबट ढोलासारखा एक डबा, गाडीच्या अंगाबाहेर, चालकाच्या कोपराशेजारून गेलेला. त्याचे पोट केवढे तरी मोठे. त्यातून निघणारी नळी बारीक, ती मागच्या चाकाच्याही पलीकडे नेलेली, आणि शेवटी माशाच्या शेपटीसारखी चपटी, रुंद केलेली. शर्यतीच्या गाडीत पेट्रोलची टाकी शेपटीत असे, चांगली मोठी. म्हणून धुराडे गाडीच्या पोटाखालून न नेता उघड्यावर, बाजूने न्यायचे. वारा त्याला निववतो, टाकी आपल्या जागी थंड राहते. फार तर चढताना-उतरताना चालकाची विजार करपते. तेवढी किंमत लोक द्यायला तयार होते.

शर्यतवाल्यांनी आधी कपाळाला हात लावला. इंजिनाच्या नाकातोंडात बोळा घातला म्हणाले. आता कसले विक्रम! विक्रम काही थांबले नाहीत. डबा सक्तीचा असताना वेग चढतच गेला. १९३५ साली जॉन कॉबने नेपियर-रेलटन गाडीने ताशी १४३.४४ मैल वेगाने तिथली फेरी मारली, तो उच्चांक कायमचा राहिला. इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. आवाज कमी करणे म्हणजे धूर अडवणे, अशी पुष्कळांची समजूत असते, नानांचीही होती. वास्तविक धूर अडवून आवाज कमी करणे हा सर्वांत आळशी उपाय. धुराला पसरायला पुरेसे मोठे पोट दिले तर त्याचा जोर आपणच मोडतो आणि इंजिनावर फारसा उलट दाब पडत नाही. आणि निवालेला धूर आकसतो. तापलेला असताना त्याला जेवढी रुंद वाट लागे तेवढी मग शेपटाशी लागत नाही. म्हणजे मोठा करायचा तो डबा. मागची नळी नव्हे.

रात्रीची बंदी शेवटपर्यंत टिकली, आणि तिच्यातून एक विलक्षण शर्यत जन्माला आली. फ्रान्समध्ये ल मान्सला चोवीस तासांची शर्यत गाजत होती, तशी इंग्लंडला हवी होती. पण वेब्रिजला झोप हवी होती. मग १९२९ साली ‘डबल ट्वेल्व्ह’ निघाली. पहिल्या दिवशी बारा तास पळायचे, संध्याकाळी गाड्या कुलपात बंद, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बारा तास. पहिल्या वर्षी ज्युलिओ राम्पोनी या इटालियनाने अल्फा रोमिओ गाडीत दोन्ही दिवस एकट्याने चालवून ती जिंकली. बेंटली गाडी केसभर अंतराने मागे राहिली. पुढच्या वर्षी बेंटलीने उट्टे काढले, आणि १९३१ साली चिमुकल्या एम. जी. मिजेटने. शेजाऱ्यांच्या झोपेपायी शर्यतीचे दोन तुकडे झाले म्हणून कोणाचे काही अडले, असे दिसत नाही.

ह्यू लॉक किंग १९२६ साली वारला. त्याला या धावपट्टीतून पैसा असा कधी मिळालाच नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये तिथली शेवटची शर्यत झाली, सप्टेंबरात युद्ध. धावपट्टीच्या आतल्या मैदानात विमानांचे कारखाने पूर्वीपासून होते. आता तिथे रात्रंदिवस वेलिंग्टन आणि हरिकेन विमाने तयार होऊ लागली. ४ सप्टेंबर १९४० ला जर्मन विमानांनी व्हिकर्स कारखान्यावर बाँब टाकले, ऐंशीहून अधिक कामगार ठार झाले. उंच कडेचा एक भाग तोडून रस्ता केला. १९४६ साली सगळी जागा व्हिकर्सला विकली गेली आणि त्या धावपट्टीवर शर्यती पुन्हा कधी झाल्या नाहीत. एथेल लॉक किंग हे सारे पाहून १९५६ साली गेली. आज तिथे संग्रहालय आहे. कॉबची नेपियर-रेलटन तिथे ठेवलेली आहे आणि झाडांच्या गर्दीत काँक्रीटची ती कड जागोजागी उभी आहे.

नानांनी हे सगळे ऐकून घेतले. मग चष्मा पुसत विचारले, “तो डबा इथे मिळेल का?”

दुसऱ्या दिवशी आम्ही एस. टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या एका मिस्त्रींकडे गेलो. ते जमिनीवर गोणपाट टाकून गाडीखाली शिरले आणि बराच वेळ नुसते पाय दिसत राहिले. आतून आवाज आला, “नाना, सासू-सून एका घरात नांदतात, पण चुली येगळ्या लागतात. ह्यांनी तर एकीच्या पदराला दुसरीचा निखारा बांधलाय.”

मग त्यांनी जे केले ते असे. इंजिनाजवळची नळी थोडी जाड राहू दिली. नानांचे मन मोडायचे नव्हते म्हणून. गाडीच्या मधोमध, जिथे जागा मोकळी आहे तिथे, चांगला मोठ्या पोटाचा डबा बसवला. आसापासून पुढची जाड नळी कापून टाकली आणि तिथे मूळच्याच मापाची बारीक नळी, मूळच्याच वळणाने नेली. टाकी आणि नळी यांच्यामध्ये चार बोटे अंतर पडले. तेवढ्यावर न थांबता मध्ये चकचकीत पत्र्याचा एक पडदा टाकला. तो टाकीलाही चिकटू दिला नाही आणि नळीलाही नाही. दोन्हीकडे हवा खेळती पाहिजे म्हणाले. नळी रबरी टांगण्यांवर टांगली, आणि मग चौघांना गाडीच्या मागच्या सीटवर बसवून खाली पुन्हा शिरले. गाडी ओझ्याने बसली, आस वर आला, तर नळी कुठे टेकते का, हे त्यांना पाहायचे होते. आधीच्या कारागिराने रिकामी गाडी जॅकवर उचलून माप घेतले होते, तेव्हा आस लोंबकळून खाली गेलेला. जागा ऐसपैस दिसणारच!

जुनी पेट्रोलची रबरी नळी त्यांनी न विचारता बदलली. टाकीचा वेल्डिंगशी संबंध येईल असे काहीही गाडीवर करायचे नाही, आधी टाकी उतरवून लांब ठेवायची, हा त्यांचा दंडक. म्हणून सगळ्या कामाला दोन दिवस लागले. नानांनी घाई केली तर म्हणाले, “मग दुसरीकडं न्या.”

नरकचतुर्दशीला गाडी घरी आली. नानांनी ती सुरू केली, पुढे येऊन कान देऊन उभे राहिले, आणि मला वाटते थोडेसे हिरमुसले. आवाज होता, घुमटात कोणी ओंकार लावावा तसा, खालच्या पट्टीतला. कबुतरे जागची हलली नाहीत. त्याच आठवड्यात नाना एकटेच पसरणी चढून आले. वर पाचगणीच्या नाक्याशी उतरून त्यांनी आधी टाकीला हात लावून पाहिला. गाडी पूर्वीपेक्षा जोराने चढली का, असे मी विचारले तर म्हणाले, “चढली असे म्हणायला हरकत नाही.”

भाऊबीजेला ते माईंकडे निघाले तेव्हा मी ओट्यावर होतो. माईंचे घर आमच्या आळीतून निघून दुसऱ्या टोकाला, चालत पाच मिनिटे. नानांनी गाडी बाहेर काढली, थोडा वेळ तिच्याकडे पाहत उभे राहिले, पुन्हा आत लावली आणि साडीचा पुडा काखेत मारून पायीच गेले. तासाभराने परत आले तेव्हा कपाळाला कुंकू होते, आणि बरोबर माई. नातसून मागून पोराला घेऊन येत होती. त्यांना गाडीत बसून मेणवलीच्या घाटापर्यंत जाऊन यायचे होते. पोर वाटेत झोपले, असे नाना मला रात्री मुद्दाम सांगायला आले.